मुंबईत मीडिया शिकायचंय? बारावीच्या निकालापासून पहिल्या इंटर्नशिपपर्यंत

बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी, हे नाव मुंबईत अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, पण मुंबई विद्यापीठाच्या यादीत तुम्ही ते शोधत बसलात तर गोंधळाल. २०१९-२० पासून हा कोर्स ‘बीए मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन’, म्हणजे बीएएमएमसी झाला. स्वायत्त कॉलेजांनी आपापली वेगळी नावं ठेवली आहेत. झेवियर्समध्ये तो ‘मास कम्युनिकेशन अँड जर्नलिझम’ म्हणून शोधावा लागतो. घरच्यांना, शेजारच्या काकांना आणि क्लासवाल्यांना मात्र बीएमएमच कळतं, तेव्हा बोलताना तेच म्हणा, फॉर्म भरताना नाव नीट वाचा.

मी स्वतः या कोर्समधून गेलोय आणि आता दर वर्षी निकाल लागला की ओळखीपाळखीतून तेच तेच प्रश्न येतात. उत्तरं देताना एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: या धंद्यात नोकरी देणारा माणूस मार्कशीट नंतर बघतो, आधी ‘काय काय केलंयस ते दाखव’ म्हणतो. त्यामुळे कॉलेज निवडण्यापासून सुट्टीत काय करायचं इथपर्यंत सगळे निर्णय त्या एका प्रश्नाच्या अंगाने घ्या.

१. आधी हा कोर्स तुमच्यासाठी आहे का ते बघा

पहिल्या दोन वर्षांत सगळ्यातलं थोडं थोडं असतं: जनसंवादाची मूलतत्त्वं, माध्यमांचा इतिहास, समाजशास्त्र, फोटोग्राफी, सिनेमा, जनसंपर्क, माध्यमविषयक कायदे, संशोधन पद्धती. तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यातलं एक निवडायचं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची नावं आणि मांडणी हलली आहे. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), क्रेडिट (अभ्यासाचं माप), ऑन जॉब ट्रेनिंग असे शब्द आता वेळापत्रकात दिसतील. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

हे वाचून कुणाला वाटेल की इथून थेट कॅमेरामन किंवा दिग्दर्शक होता येईल. कॅमेरा हातात येतो, पण छायालेखन किंवा संकलन मुळापासून शिकायचं तर पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयसारखी चित्रपट शिकवणारी संस्था गाठावी लागते. चित्र काढायची, डिझाइनची खरी ओढ असेल तर सर जे. जे. उपयोजित कला संस्थेचा रस्ता वेगळा आहे आणि त्याची तयारी बारावीच्या आधीपासून लागते. आणि फक्त मराठी वर्तमानपत्रात बातमीदारी करायची असेल तर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मराठी घेऊन साधं बीए आणि वर पत्रकारितेची पदविका, हाही चांगला मार्ग आहे. खरं सांगायचं तर अर्थसंकल्प वाचता येणारा बातमीदार मला पाच सॉफ्टवेअर येणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

२. कॉलेजांची यादी करा, पण प्रत्यक्ष जाऊन

कटऑफच्या याद्या नंतर बघा. आधी कॉलेज कुठल्या प्रकारचं आहे ते समजून घ्या, कारण त्यावर प्रवेशाची पद्धत ठरते.

झेवियर्स, जय हिंद, रुईया यांसारखी कॉलेजं स्वायत्त आहेत. ती अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात, काही ठिकाणी प्रवेशपरीक्षाही असते. के. सी. कॉलेज आता एचएसएनसी विद्यापीठात आहे, म्हणजे पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव नसतं. संलग्न कॉलेजांत विद्यापीठाचाच अभ्यासक्रम चालतो. मराठीतून हा कोर्स शिकवण्यासाठी रुईया आणि पार्ल्याचं साठ्ये ही नावं घेतली जातात. तुमच्या वर्षी मराठीची तुकडी सुरू आहे ना, हे कार्यालयात विचारूनच यादीत घाला.

मग एक दिवस काढून कॉलेजात जा. गेटवर कुणी अडवलं तर प्रवेशाची चौकशी करायचीय म्हणून सांगा. कार्यालयातलं माहितीपत्रक घ्या आणि कँटीनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची पोरं गाठून हे विचारा:

- शिकवणारे पूर्णवेळ किती, बाहेरून येणारे किती? बाहेरून येणारे म्हणजे वाईट असं मुळीच नाही. चालू नोकरीतला उपसंपादक आठवड्यातून एकदा येऊन शिकवतो ते कधीकधी वर्षभराच्या नोट्सपेक्षा जास्त असतं. पण सगळेच बाहेरचे असतील तर तास बुडतात.
- कॅमेरे, माइक, एडिटिंगचे संगणक विद्यार्थ्यांच्या हाती लागतात की फक्त पाहुण्यांना दाखवायला काचेआड असतात?
- लेक्चर सकाळी की दुपारी? सकाळची बॅच असेल तर दुपारनंतर काम करता येतं. माझ्या मते कटऑफइतकाच हा मुद्दा महत्त्वाचा आहे.
- मागच्या वर्षी कोण कुठे इंटर्नशिपला गेलं, आणि ती कॉलेजने लावली की ज्याची त्याने शोधली?
- विद्यार्थ्यांचं नियतकालिक किंवा चॅनेल आहे का? असेल तर शेवटचा अंक किंवा व्हिडिओ कधीचा आहे ते बघा.

प्रवासाचाही हिशोब करा. विरार किंवा कर्जतहून चर्चगेट-सीएसएमटीला रोज येणारी पोरं असतात, तीही चांगलं काम करतात. पण शूट संपायला रात्रीचे दहा वाजतात आणि शेवटची लोकल कुणासाठी थांबत नाही. ठाणे, मुलुंड, पार्ले, माटुंगा इथेही बरी कॉलेजं आहेत. ‘टाउन’च्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या, कॉलेजचं वलय पहिल्या वर्षानंतर कुणी विचारत नाही.

३. अर्ज कुठे आणि किती वेळा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती झाली म्हणजे कॉलेजला अर्ज झाला असं समजू नका. तिची प्रिंट घेऊन प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा भरायचा, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन. स्वायत्त कॉलेजांच्या तारखा स्वतंत्र असतात आणि निकालाच्या आसपासच त्यांची खिडकी उघडते. प्रवेशपरीक्षा असलेल्या कॉलेजांचं संकेतस्थळ मार्च-एप्रिलपासूनच बघत राहा.

दुसरा गोंधळ सीईटीचा, म्हणजे सामायिक प्रवेशपरीक्षेचा. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए या कोर्ससाठी राज्याची सीईटी आली. बीएएमएमसी त्यात नाही. बीएमएस आणि बीएएमएमसी एकाच मजल्यावर, एकाच विनाअनुदानित विभागात चालतात, म्हणून पालक हमखास घोटाळा करतात.

गुणवत्ता यादी शाखेनुसार लागते. कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या जागा वेगळ्या, कटऑफ वेगळा. मित्राला वाणिज्यमधून मिळालं म्हणून तुम्हाला तेवढ्याच टक्क्यांवर विज्ञानातून मिळेल असं नाही, आणि उलटही होतं. शिवाय ज्यांनी त्याच संस्थेत अकरावी-बारावी केली त्यांच्यासाठी इनहाउस जागा असतात, अल्पसंख्याक संस्थांत त्या-त्या समाजाचा कोटा असतो. हे सगळं वजा करून उरतात त्या खुल्या जागा. म्हणून पहिली यादी बघून हातपाय गाळू नका. कोट्यातल्या न भरलेल्या जागा पुढच्या याद्यांत येतात आणि तिसऱ्या यादीपर्यंत बरंच हलतं.

यादीत नाव लागलं की मुदत दोन-तीन दिवसांची असते. मधल्या काळात गावी जाऊ नका.

४. कागदपत्रं

निकालाची वाट न बघता ही आधीच जमवा:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- एबीसी आयडी, म्हणजे तुमची क्रेडिट जमा होतात त्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक. डिजिलॉकरमधून काढता येतो
- अधिवास प्रमाणपत्र
- राखीव जागेवर अर्ज असेल तर जातीचा दाखला, लागू असेल तिथे चालू वर्षाचं नॉन-क्रीमीलेयर आणि जातवैधता प्रमाणपत्र
- शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- दुसऱ्या बोर्डातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर यांना निकालानंतर झुंबड उडते. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला अशी तीन तहसील कार्यालयं आहेत. अर्ज ‘आपले सरकार’वरून होतो, पण कागद अपुरा म्हणून परत आला की पुन्हा पहिल्यापासून रांग. एप्रिलमध्येच करून टाका.

मूळ एलसी एकदा कॉलेजात जमा झाली की दुसरीकडे जाण्यासाठी आधी पहिला प्रवेश रद्द करावा लागतो. जमा करण्यापूर्वी तिच्या भरपूर साक्षांकित प्रती काढा आणि रंगीत स्कॅन ईमेलवर ठेवा.

५. फी

अनुदानित कॉलेजातसुद्धा हा कोर्स विनाअनुदानित तत्त्वावर चालतो. त्यामुळे त्याच इमारतीत साधं बीए करणाऱ्याच्या फीपेक्षा तुमची फी कितीतरी जास्त असते. त्यावर प्रोजेक्टचा खर्च, सहली, प्रिंटिंग. वर्षाचं एकूण किती ते आकड्यात लिहून मागा, ‘इतर शुल्क’ या ओळीवर समाधान मानू नका.

राज्य सरकारने २०२४ मध्ये वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शुल्कमाफी जाहीर केली. ती पाहून अनेक घरांत ‘मुलीची फी माफच आहे’ असं गृहीत धरलं जातं. तुम्ही घेताय तो कोर्स आणि ती तुकडी त्यात बसते का, हे पैसे भरण्यापूर्वी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर बाकीच्या योजनाही बघा. अर्ज तुम्हालाच करायचा असतो.

एक सापळा मोठा आहे. चकाचक स्टुडिओचे फोटो दाखवून ‘मीडिया डिग्री’ विकणाऱ्या खासगी संस्था अंधेरीपासून ठाण्यापर्यंत आहेत. काही चांगलं शिकवतातही. पण पदवी कोण देणार, ते विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का, आणि त्या विद्यापीठाला मुंबईत वर्ग चालवायची परवानगी आहे का, हे तीन प्रश्न विचारल्यावर समुपदेशकाचा सूर कसा बदलतो ते ऐका.

६. पहिलं वर्ष: भाषेचं ओझं

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी धास्ती इथे असते. वर्गात पहिल्याच दिवशी सगळे फाडफाड इंग्रजीत ओळख करून देतात आणि आपली जीभ टाळूला चिकटते. पहिल्या सत्रात हे होणार, होऊ द्या. इंग्रजी वाचन वाढवा, सादरीकरणाला मुद्दाम पुढे या, अडलं तर मराठीत सांगून वाक्य पूर्ण करा. शिक्षक चावत नाहीत.

पण त्या धडपडीत मराठी सोडू नका. याच मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. आजही या शहरात दोन्ही भाषांत सहज लिहिणाऱ्याला काम आहे. जाहिरात संस्थांमध्ये इंग्रजी-हिंदीत सुचलेली कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, मराठीत ‘अ‍ॅडॅप्ट’ करून घेतात आणि ते वाईट झालेलं बसथांब्यावरच्या फलकांवर आपण रोज वाचतो. ‘स्वतःला द्या एक नवीन अनुभव’ छापाची वाक्यं कुणी तरी लिहितं, कुणी तरी पास करतं. त्या टेबलावर कान असलेला एक मराठी माणूस हवा असतो.

त्यासाठी एक सवय लावा. एखादी मोठी बातमी ‘लोकसत्ता’ किंवा ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये आणि एका इंग्रजी दैनिकात शेजारी शेजारी ठेवून वाचा. इंट्रो (बातमीची सुरुवात) कुठून उचललाय, कुणाचं म्हणणं आधी आलंय, काय गाळलंय, हे समासात लिहा. महिन्याभरात नजर बदलते. अभ्यासक्रमातला अर्धा पेपर यातून सुटतो.

आणि टायपिंग शिका. युनिकोडमध्ये, शक्यतो इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. मोबाइलवर बोलून किंवा रोमन अक्षरांतून मराठी उमटवणं चॅटपुरतं ठीक, पण डेस्कवर बातमी वेगात उतरवायची तर बोटं सरावलेली लागतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये चिकटवला की त्याची रांगोळी होते, ती कन्व्हर्टरने दुरुस्त करणंही शिकून ठेवा. इंटर्न म्हणून पहिल्या आठवड्यात हेच काम अंगावर पडेल.

७. साधनं: आधी आवाज, मग चित्र

ऑगस्ट उजाडला की घरोघरी ‘कॅमेरा घेऊन द्या’ सुरू होतं. घेऊ नका. निदान पहिलं वर्ष मोबाइलवर काढा. खर्च करायचाच तर कॉलरला लावायच्या माइकवर आणि छोट्या ट्रायपॉडवर करा. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, पण बाइट (माणसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं) ऐकू आली नाही तर तिचा काहीच उपयोग नाही, आणि मुंबईत हॉर्न, पंखा आणि लोकलची घोषणा यांपासून सुटका नसते.

लॅपटॉप घेताना रॅम आणि साठवण बघा. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तीन वर्षं पुरते, आवाजासाठी ऑडॅसिटी आहे. सगळं दोन जागी ठेवा, त्यातली एक बाहेरची हार्ड डिस्क असू द्या. कॅमेरा लागलाच तर भाड्याने मिळतो. चार जणांत वाटून घ्या आणि घेताना लेन्सवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो दुकानदारासमोर काढा.

८. शहरात शूट करताना

रेल्वे स्थानकात आणि गाडीत परवानगीशिवाय शूट करू नका. ‘कॉलेजचं प्रोजेक्ट आहे’ हे वाक्य आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला, रोज ऐकू येतं. ड्रोनचा विचारही सोडा, मुंबईत त्यावर पोलिसांचे मनाई आदेश निघत असतात. रस्त्यावर, बागेत, समुद्रकिनाऱ्यावर ट्रायपॉड लावायचा असेल तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, ओळखपत्र आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवणं, एवढं करा. माणसाच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेण्यापूर्वी त्याला विचारा. रुग्णालय, न्यायालय आणि लहान मुलं यांच्याबाबत तर कायदाच आहे, दुसऱ्या वर्षी शिकालच.

पत्रकारितेच्या प्रोजेक्टसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, राज्याचं ऑनलाइन पोर्टल आहे. तुमच्या वॉर्डातल्या एका फुटपाथवर किती खर्च झाला, एवढाच प्रश्न विचारून जे कागद हाती येतात त्यावरून तिसऱ्या वर्षाला शोभेल अशी बातमी होते. उत्तराला महिना लागू शकतो, म्हणून सबमिशनच्या आदल्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही.

संदर्भासाठी जुनी मराठी वृत्तपत्रं आणि मासिकं बघायची तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. पेडर रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०१९ मध्ये सुरू झालं, सिनेमाचा पेपर असलेल्यांनी तिथे एक अख्खी दुपार द्यावी.

९. फेस्ट आणि हजेरी

झेवियर्सच्या मल्हारसारख्या फेस्टमध्ये, म्हणजे कॉलेज महोत्सवात, काम करा, पण एखाद्याच वर्षी मनापासून. प्रायोजक शोधणं, पत्रकार परिषद घेणं, सोशल मीडिया सांभाळणं, हे तिथे फुकटात शिकायला मिळतं. तिन्ही वर्षं कंटिन्जंट (स्पर्धेला जाणारा कॉलेजचा संघ) घेऊन कॉलेजाकॉलेजांत फिरणारा सीएल (संघाचा म्होरक्या) शेवटी हजेरीत अडकतो. ७५ टक्क्यांचा नियम आहे, आणि केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की तिची परीक्षा नेमकी इंटर्नशिपच्या मध्ये येते.

१०. इंटर्नशिप

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून सुरू करा. ईमेल छोटा ठेवा: तुम्ही कोण, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत येऊ शकता, आणि केलेल्या कामाच्या तीन लिंक. दहा लिंक कुणी उघडत नाही. वृत्तवाहिनी, दैनिक, जाहिरात संस्था, जनसंपर्क संस्था, निर्मितिगृह यांतल्या निदान दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन बघा. मग तिसऱ्या वर्षी पत्रकारिता की जाहिरात हे ठरवताना मैत्रिणीने काय घेतलं ते बघावं लागत नाही.

मानधन नसेल तर किमान तीन गोष्टी पक्क्या करा: तारखा, कामाचे तास आणि शेवटी लेटरहेडवर प्रमाणपत्र. शिकवणारं कुणी नसेल आणि नुसतं प्रेस नोटा चिकटवायचं काम असेल तर महिन्यानंतर नम्रपणे निघा. ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘पोर्टफोलिओ’चे पैसे मागणारा माणूस इंटर्नशिप देत नसतो. तसंच ‘प्रेस कार्ड’ विकणाऱ्यांचं. सरकारी अधिस्वीकृती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं आणि ती काम करणाऱ्या पत्रकारांना असते. पैसे देऊन घेतलेलं कार्ड गाडीच्या काचेवर लावून फार तर हवालदाराची करमणूक होईल.

आणखी एक बारीक बाब. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज या मार्गाचाच असतो. कॉलेज माटुंग्याला आणि इंटर्नशिप अंधेरीला असेल तर पुढचं तिकीट काढा. टीसी इंटर्नशिपचं पत्र वाचत बसत नाही.

११. तिसऱ्या वर्षी पुढची तयारी

पुढे शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचा संज्ञापन व पत्रकारिता विभाग, झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, मुलींसाठी सोफियाचा सोशल कम्युनिकेशन्स मीडियाचा एक वर्षाचा कोर्स, देवनारच्या टिसमधलं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं) मीडिया अँड कल्चरल स्टडीज, पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आणि आयआयएमसी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन), ही नावं यादीत ठेवा. यातल्या बऱ्याच ठिकाणचे अर्ज तुमच्या शेवटच्या परीक्षेच्या आधीच निघतात, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखतीही तेव्हाच. मुलाखतीत ‘आवडतं वर्तमानपत्र कोणतं’ विचारतील आणि पुढचा प्रश्न ‘आजच्या अग्रलेखाचा विषय काय’ असा असेल.

निकाल लागल्यावर सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि ट्रान्सस्क्रिप्ट यांचे अर्ज लगेच करा. बाहेरगावी प्रवेश मिळणार असेल तर मायग्रेशनही त्याच फेरीत मागा. प्रत्येक अर्जावर पीआरएन, म्हणजे तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, लागतो. तो पहिल्या वर्षाच्या कागदांवर असतो, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.